पोटातल्या धमनीचा फोटो आणि रबरी चेंडू

ती. हिल्काताईस,

तौनोचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढाच). तुझा गुडघा आणि भाऊजींचा खोकला दोन्ही जागच्या जागी असतील, अशी आशा करतो.

माझ्या पोटातली मोठी धमनी फुगली आहे, हे तुला ठाऊकच आहे. फुटली तर निरोप घ्यायलाही वेळ मिळणार नाही, म्हणून ऑपरेशनाआधी तिचा एमआरआय हवा, असं डॉक्टरांचं म्हणणं. मंगळवारी गेलो. तिथं फोटो काढणाऱ्या सातूबाईंनी फोटोची जी आखणी मांडली, तेवढ्या मोजमापात आपल्या गावचं चर्चसुद्धा बांधलं नसेल. आधी एक कच्चा फोटो, मग त्यावर चौकट. चौकट जरा वर, जरा खाली, पुन्हा वर. (मासा चिरायला घ्यावा आणि दुपारभर सुरीच पुसत बसावं, त्यातला प्रकार.) शिवाय हाताच्या शिरेतून औषध सोडायचं, ते धमनीत पोचेल नेमक्या त्याच क्षणी फोटो, आणि त्याच क्षणी माझा श्वास बंद. म्हणजे सगळ्यांच्या वेळा सांभाळायच्या त्या मीच.

हातात रबरी चेंडू दिला, त्रास झाला तर दाबा म्हणे. आता तूच सांग, आपल्या घराण्यात आजवर कुणी त्रास होतोय म्हणून सांगितलंय? बाबांनी पाय मोडलेला असताना वाफेच्या आंघोळीचा सौना तापवला, आंघोळ उरकली आणि मग 'जरा दुखतंय' म्हणाले. मीही पाठ दुखली, घाम फुटला, तरी ब्र काढला नाही. सातूबाईंनी तीनदा विचारलं, ठीक आहात ना? मी तिन्ही वेळा म्हणालो, "उत्तम." त्या माझ्या शब्दावर विसंबल्या, हीच त्यांची घोडचूक. औषध सोडलं, श्वास धरायला सांगितलं आणि फोटो पार बिघडला. शिकलेली माणसं ही!

भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा,
तौनो

ता. क. : फोटो बिघडला, कारण औषध सुटताक्षणी मी चेंडू दाबला आणि त्या यंत्राच्या बोगद्यातच उठून बसायला गेलो. कपाळाला टेंगूळ आहे. ताई, मी फार घाबरलो होतो. सातूबाई रागावल्या नाहीत, उलट कॉफी दिली.

ता. क. २ : गुरुवारी दहा वाजता पुन्हा बोलावलंय. सोबत एकाला आत बसू देतात, पायाचा अंगठा धरून. तू येशील का? घड्याळ, अंगठी घरीच ठेव. भाऊजींना सांग, गुडघा दाखवायला चाललेय. आणि आत असताना मला 'ठीक आहेस ना' असं अजिबात विचारू नकोस. मी 'उत्तम' म्हणेन.