दारातला आवाज

प्रिय दुऐज,

अक्षरावरून ओळखलं असशीलच. वाळूवरून खेकडा पळाल्यासारखं लिहितोस, असं तू शाळेत म्हणायचास. खेकडा अजून तसाच पळतोय. तुझा नवा नंबर मला कुणी देत नाही, म्हणून काल तुमच्या घरी गेलो होतो. तुझी आई गुरुवारी तुझ्याकडे परदेशी, सूर शहरात येणार असं कानावर आलं होतं. एक पाकीट न्याल का, म्हणून विचारलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि ‘दे आणून’ एवढंच म्हणाल्या. चहाचं विचारलं नाही. तुमच्या घरातून चहा न घेता मी पहिल्यांदाच बाहेर पडलो, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटलं नाही.

आठ दिवस झाले, माझं डोकं ठिकाणावर नाही. ऑफिसात फाईल उघडून बसतो, समोरचा माणूस बोलत असतो, त्याचे ओठ हलताना दिसतात आणि शब्द कुठे जातात कळत नाही. आईला वाटतंय मला ताप आहे. कपाळावर हात ठेवून बघते आणि गोंधळून परत जाते. घडलं ते सांगायचं तर तुलाच सांगायला हवं, आणि तुलाच सांगायला मला तोंड नाही. तरी सांगतो. जसं घडलं तसं ओळीनं सांगतो, नाहीतर मी मधूनच पळ काढीन.

गाडी अजून तीच आहे. ती पिवळी, दोन दारांची. बाबा गेल्यावर वर्षभरानं घेतलेली. तेव्हा तुला कधी बोललो नाही, पण बाबा गेल्यावर घरातले सगळे प्रत्येक गोष्टीसाठी माझ्याकडे बघायला लागले होते. कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, समुद्रकाठच्या सुट्टीच्या घराचं, शॅलेचं छप्पर. मी हो-नाही म्हणायचो आणि आतून घाबरलेला असायचो. गाडीत बसलं, बटण दाबलं, ती डरकाळी छातीत घुसली, की वाटायचं, मीही कुणीतरी आहे. गल्फ रोडवर लोक वळून बघतात असं मला वाटायचं. खरोखर किती जण बघत होते, देव जाणे.

गेल्या महिन्यात चुलतभाऊ अज़्ज़ामचं लग्न ठरलं. वरातीत माझी गाडी पुढे राहणार होती. कारखान्यातून आलेले स्पीकर मला कधीच आवडले नव्हते. आवाज जरा वाढवला की घोंगडीखालून गाणं आल्यासारखं वाटायचं आणि दाराचा पत्रा खडखडायचा. म्हटलं, आता सगळं बदलून टाकू. शुवैखमध्ये गस्सान नावाचा एक लेबनीज कारागीर आहे, बोलतो कमी, काम फार नीट. त्यानं यादी केली : दारांत नवे स्पीकर, पत्र्याला आतून जाड रबरी थर, डिकीत भारी आवाजाची एक पेटी, आणि कारखान्याचा अ‍ॅम्प्लिफायर काढून त्या जागी नवा. यादी संपवून तो म्हणाला, हा जुना अ‍ॅम्प्लिफायर निघाला की गाडीतला आतला आवाज जाईल, चालेल ना? मी फोनवर होतो. म्हटलं, जाऊ दे रे बाबा, गाणं चांगलं वाजलं म्हणजे झालं.

चौथ्या दिवशी दुपारी गाडी आणायला गेलो. त्यानं आधी ऊदवादन लावून दाखवलं. दुऐज, वाजवणारा शेजारच्या सीटवर मांडी घालून बसलाय असं वाटलं. तारेवरून बोट सरकल्याचं करकरणंसुद्धा ऐकू येत होतं. मी त्याची पाठ थोपटली. मग गाणं बंद केलं, इंजिन सुरू केलं आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दिला.

काहीच नाही.

म्हणजे इंजिन चालू होतं. काटा वर चढत होता. पण आवाज आईच्या जुन्या शिलाई मशीनसारखा. मी पुन्हा पाय दिला. काटा पार तांबड्या रेघेपर्यंत गेला आणि मशीन जरा घाईघाईनं शिवायला लागलं, एवढंच. माझे कान बसले की काय म्हणून मी टाळी वाजवून बघितली. टाळी स्वच्छ ऐकू आली.

पुढे मी जे केलं त्याची लाज वाटते. खाली उतरून मी गस्सानची कॉलर धरली. माझ्या इंजिनाचं काय केलंस म्हणून ओरडलो. शेजारच्या दुकानांतली माणसं बाहेर आली. त्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली, शांतपणे. म्हणाला, “साहेब, इंजिनाला मी हात लावलेला नाही. बॉनेटसुद्धा उघडलं नाही. तुम्ही आत बसा, आणि हात इथे ठेवा, दारावर.”

मी बसलो. त्यानं फळीवरून जुना अ‍ॅम्प्लिफायर काढला, मांडीवर घेतला, दोन-तीन जोडण्या केल्या आणि मला मान हलवून खूण केली. मी पाय दिला. डरकाळी आली. तीच, माझी, अगदी तशीच. आणि माझ्या तळहाताखाली दार थरथरत होतं. इंजिन समोर होतं आणि आवाज दारातून येत होता. त्यानं वायर ओढली, शिलाई मशीन. वायर लावली, सिंह. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यानं विचारलं, “पुन्हा लावू?” मी नको म्हटलं. तो म्हणाला, आजकाल पुष्कळ गाड्यांत हे असंच असतं, इंजिन लहान आणि आवाज भरलेला, वाईट वाटून घेऊ नका. मला गाडीचं वाईट वाटत नव्हतं. मला तू दिसत होतास.

चौदा महिन्यांपूर्वी आमच्या दिवाणियात, पुरुषांच्या भरल्या बैठकीत, तू काय बोललास ते मला शब्द न् शब्द पाठ आहे, कारण पुढे कित्येक आठवडे मी तुझी नक्कल करून लोकांना हसवलं. गल्फ रोडवर एक फेरी मारून आपण परत आलो होतो. तू दोनदा खाली उतरलास, दोनदा आत बसलास. बोटींच्या इंजिनांना कान लावत तुझा जन्म गेला. मग सगळ्यांसमोर, पण अगदी साधेपणानं म्हणालास, “बर्राक, बाहेर उभं राहिलं तर ही गाडी वेगळी आहे आणि आत बसलं तर वेगळी. हा आवाज इंजिनाचा नाही. दारातून येतोय.” बैठकीतले सगळ्यांत वयस्क अबू सालिम इतके हसले की त्यांची कॉफी अंगरख्यावर सांडली. आणि मी म्हणालो, ज्याचा जन्म मासळीच्या बोटीत गेला त्याला गाडी आणि गाढव सारखंच ऐकू येणार. सगळे हसले. तू हसला नाहीस आणि चिडलाही नाहीस. चपला घालताना फक्त मला ऐकू जाईल असं बोललास, “हसा खुशाल. पण त्या आवाजाखाली एक बारीक किणकिण आहे. इंजिनातली साखळी सैल वाटते. बघून घे. त्या गाडीत लुलवा बसते.” माझ्या बहिणीचं नाव तू माझ्याच दारात घेतलंस म्हणून मी आणखी भडकलो. तू काय सांगतोयस ते ऐकलंच नाही.

आता पुढचं ऐक. गस्साननं वायर काढून ठेवली होती, इंजिन चालू होतं आणि आम्ही दोघंही गप्प होतो. त्या शांततेत ते मला ऐकू आलं. किणकिण. आता तीही बारीक राहिलेली नव्हती, डब्यात खिळे हलवल्यासारखी वाजत होती. गस्साननं मान तिरकी केली आणि म्हणाला, हे मात्र मला आवडलं नाही. त्याच गल्लीतल्या एका इंजिन मेकॅनिककडे गाडी ढकलत नेली. त्यानं इंजिन उघडलं आणि मला बोलावून दाखवलं. साखळी लोंबत होती. तिला धरून ठेवणारी पट्टी झिजून कागदासारखी झाली होती. किती दिवस असं चालवताय, असं त्यानं विचारलं. ऐकू आलं नाही म्हटलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं. म्हणाला, “वेगात असताना ही घसरली असती तर इंजिन जागच्या जागी बंद पडलं असतं. मागून येणारा काही थांबला नसता.” दर गुरुवारी लुलवाला शेजारी बसवून मी खिरानच्या शॅलेवर जातो. त्या रस्त्यावर मी गाडी कशी हाकतो ते तुला ठाऊक आहे. मी तिथे एका उलट्या डब्यावर बसलो. कुणीतरी पाणी आणून दिलं. ते हातात धरून बसलो होतो, प्यायलो नाही.

संध्याकाळी सरळ दिवाणियात गेलो आणि सगळं सांगितलं. उभं राहून. दुऐज खरं बोलत होता, मूर्ख मी होतो, असं अगदी याच शब्दांत. अबू सालिमांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ते पाय लांब करून बसले होते. ते म्हणाले, पोराला देश सोडून वर्ष उलटलं, आणि आपण अजून त्याच विनोदावर हसत होतो. मग त्यांनी कॉफीचा कप उपडा घातला आणि त्या दिवशी पुन्हा भरू दिला नाही.

शुक्रवारी जेवताना घरी सांगितलं. आई पुन्हा पुन्हा देवाचे आभार मानत राहिली. लुलवा मचबूसच्या भातातले मासळीचे काटे काढून आईच्या ताटात साफ तुकडे ठेवत होती. ती वर न बघता म्हणाली, “आवाजाचं मला माहीत होतं.” मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती म्हणाली, एकदा तू पेट्रोल भरताना मी दाराला टेकून बसले होते, नंतर तू इंजिन सुरू केलंस तेव्हा पाठीला कळलं. मग मला का नाही सांगितलंस, म्हणून मी विचारलं. तेव्हा तिनं वर बघितलं. “दुऐजनं सांगितलं होतं. त्याचं काय झालं ते मी पाहिलं ना.”

दुऐज, इतक्या शांतपणे म्हणाली ती. त्या मेकॅनिकच्या दुकानात बसलो नसेन इतका सुन्न मी माझ्या घरच्या ताटावर बसलो. मी स्वतःला या घराचा कर्ता समजत होतो आणि माझी सख्खी बहीण माझ्याशी खरं बोलायला भीत होती. आई तिचं बोलणं ऐकून चकित झाली नाही, हे त्याहून वाईट. मग माझ्या लक्षात आलं की खरी गोष्ट मी अजून सांगितलेलीच नाही. तिला नाही, आईला नाही, आणि तुला तर नाहीच.

आता त्या खऱ्या गोष्टीकडे येतो. दिवाणियातल्या त्या प्रकाराच्या आठवडाभर आधी बंदरावर बोट धूत असताना तू मला लुलवाबद्दल विचारलंस. मागणी घालायला आईला पाठवण्याआधी मित्र म्हणून तुझ्या कानावर घालतो, म्हणालास. हात फेसानं भरलेले होते आणि तू ते पाठीमागे लपवत होतास. मी तुला मिठी मारली, तिला विचारून सांगतो म्हटलं. आणि मग दिवाणियातला तो प्रकार झाला. तिसऱ्या दिवशी मी फोन करून तुला सांगितलं की लुलवा नाही म्हणाली. तू ‘तिच्यावर अल्लाची कृपा असो’ एवढंच म्हणालास आणि महिन्याभरात देश सोडून गेलास. दुऐज, लुलवा नाही म्हणाली नव्हती. मी तिला विचारलंच नव्हतं. माझ्या गाडीचा आवाज खोटा म्हटल्याबद्दल मी तुला ती शिक्षा दिली, आणि शिक्षा तिलाही होतेय हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. शुक्रवारी त्याच ताटावर मी हे दोघींना सांगितलं. आईनं ओढणीचं टोक तोंडाला लावलं. लुलवा हात धुवून खोलीत गेली आणि दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. रविवारी सकाळी दवाखान्यात ड्यूटीला निघताना माझ्या दाराशी उभी राहिली. तू सूरला गेलास तेव्हापासून तिनं तीन स्थळं कारण न सांगता परत पाठवली, हे मला तेव्हा आठवलं. मी विचारलं, दुऐजला तुझ्याकडून काय लिहू? ती म्हणाली, “खरं काय झालं ते लिही. माझ्या वतीनं हो लिहू नकोस, नाही लिहू नकोस. एकदा माझ्या वतीनं बोललास तेवढं पुरे.” म्हणून मी याहून एक अक्षर जास्त लिहीत नाही. मला माफ कर असंही लिहीत नाही, तो हक्क मला उरलेला नाही. फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं, एवढं तुला कळावं म्हणून हे पत्र.

तू म्हणू दिलंस तर अजूनही तुझाच,
बर्राक