रिकाम्या गावाचा पहारा

मु. पो. माडवळ, व्हाया आचरा
ता. २८ नोव्हेंबर १९८७

चि. लवू यास दाजीकाकाचे अनेक आशीर्वाद. आणि तुझ्या तंबूत हे पत्र ऐकायला कान टवकारून बसलेल्या माझ्या तमाम जवान बंधूंनो,

आपलं सर्वांचं एक जुनं दुखणं आहे. आपल्याला कोणी मोजत नाही! तुम्ही परमुलखात जीव धोक्यात घालता आणि लंडनचा रेडिओ तुमची बातमी अर्ध्या मिनिटात उरकतो. एवढा अवाढव्य देश, पण मोठ्यांच्या पंगतीत आपलं पान अजून पडवीच्या कोपऱ्यात मांडतात. का? तर चाळीस वर्षं आपण जगाला उपदेश केला. जग उपदेश ऐकून घेतं, मान डोलावतं, आणि उठून ज्याच्याकडे तोफा आहेत त्याच्या शेजारी जाऊन बसतं. दुबळ्याने शांततेचं नाव घेतलं की लोकांना तो भित्रेपणा वाटतो. बलवानाने घेतलं की त्याचा करार होतो. म्हणून तुमची शांतिसेना समुद्र ओलांडून श्रीलंकेत गेली तेव्हा मी वाचनालयात पेढे वाटले.

यंदा आपल्या नौदलात दुसरी विमानवाहू बोटही आली. यावर आपला शेजारी जमालभाई, ज्याने स्वतः रत्नागिरीहून जुनी लाँच आणून गेली सहा वर्षं तिची भोकं बुजवण्यात घालवली, तो मला भर बाजारात विचारतो की इंग्रजांनी वापरून झालेली बोट घेतलीत, तर भोकं बघून घेतलीत काय. अशा लोकांत मी राष्ट्रकार्य करतो आहे.

आता गावची बातमी. देवाचा कौल झाला. नाताळच्या दिवसापासून तीन दिवस तीन रात्री गावपळण. नेहमीप्रमाणे अख्खा गाव गुरं, कुत्री, कोंबड्या घेऊन शिवेबाहेर खाडीच्या काठी झोपड्या घालून राहणार. मी देवळातल्या बैठकीत उभा राहून विचारलं की जगातली राष्ट्रं हातभर जमिनीसाठी रणगाडे उभे करतात आणि आपण दारांना नुसत्या कड्या लावून गाव मोकळा सोडतो, याला काय म्हणावं? निदान एक राखणदार ठेवा. माझी ठासणीची बंदूक आहे, परवाना आहे, मी राहतो. मानकरी म्हणाले की दाजी, आजवर या तीन दिवसांत गावातली सुपारीसुद्धा कधी हलली नाही, तू गप बस. आणि सगळे हसले.

पण मी बदला घेणार आहे. झोपड्यांवर सत्ताविसाला माझं भाषण ठेवलं आहे, विषय ‘लष्करी सामर्थ्य आणि राष्ट्र’. त्यासाठी तू एक दणदणीत हकीकत लिहून पाठव. चढाई, विजय, तिथल्या जनतेने घातलेले हार, असं काहीतरी.

शेवटी मुख्य गोष्ट. मार्चमध्ये तुझी फौजेतली पंधरा वर्षं भरतात. दोन वर्षं मुदतवाढीचा कागद तुझ्यापुढे आहे आणि माझा शब्द आल्याशिवाय सही करणार नाहीस, असं तू लिहिलंस. तुझ्या आईला, सीतावयनीला, विचारशील तर तिचं एकच पालुपद, पोराक घराक येवंदे. आईने तसं म्हणायचंच असतं. पण देश ऐन भरात आला असताना घरी येऊन तू काय माडाचे नारळ मोजणार? माझा कल तुला ठाऊक आहे. तुझी हकीकत आली की पक्कं लिहितो.

आमच्या आठवणीत तू रोज आहेस, तुझ्या आठवणीत आम्हाला थोडी जागा ठेव.

तुझा
दाजीकाका

*

श्रीलंका (जागेचं नाव लिहायचं नाही)
ता. १२ डिसेंबर १९८७

ती. दाजीकाकांचे चरणी लवूचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तंबूत वाचलं. तमाम जवान बंधू एकूण तीन होते, त्यांतला एक झोपला होता. बाकी दोघांनी विचारलंय की पेढे कुठे आहेत.

हे पत्र पिंगुळीचा हरिश्चंद्र रजेवर निघालाय त्याच्याकडे देतो. तो मद्रासला टपालपेटीत टाकील, म्हणजे वाटेत कोणी सेन्सॉरवाला त्यावर शाई फासणार नाही.

काका, तुमचं म्हणणं खरं आहे, सामर्थ्य पाहिजे. आम्ही इथे सरकार आणि बंडखोर या दोघांचं भांडण सोडवायला आलो. आता ज्यांना वाचवायला आलो ते आमच्यावर गोळ्या झाडतात आणि ज्यांनी बोलावलं त्यांच्यातलेच आम्हाला परत जा म्हणतात. दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत झालं, ते म्हणजे आम्ही नको. एवढी एकी घडवून आणायला केवढं सामर्थ्य लागतं, हे भाषणात जरूर सांगा. तिकडे अमेरिका आणि रशियाने परवा करार केला, क्षेपणास्त्रं मोडून टाकायचा. सर्वांत बलवान दोघे आता बसून भंगार मोजणार, आणि तुम्ही मला नारळ मोजायला नको म्हणता.

हकीकत मागितलीत, ती लिहितो. हा मुलूख अगदी आपल्यासारखा. तेच माड, तशाच विहिरी, कुंपणाला तशाच झावळ्या. गेल्या महिन्यात सकाळी दहाच्या सुमारास आम्ही एका गावात शिरलो. गाव रिकामा. दारं ओढून घेतलेली, चुलीवर भात, खोबरं अर्धवट खवलेलं. मला वाटलं, यांचीही गावपळण! खरंच सांगतो, क्षणभर बरं वाटलं. मग लक्षात आलं, अंगणात कोंबड्या फिरत होत्या. आपल्याकडे माणसं हसत जातात, आणि कोंबडी टोपलीत घालून आधी नेतात. कोंबड्या मागे ठेवून गेलेलं गाव म्हणजे पळालेलं गाव. आणि ते आमच्या बुटांचा आवाज ऐकून पळालं होतं.

एका घरात एक म्हातारी होती. तिला चालता येत नव्हतं म्हणून राहिली. मी विहिरीचं पाणी काढून तिच्यापुढे ठेवलं. तिने पाण्याकडे बघितलं नाही, माझ्या हातातल्या रायफलीकडे बघत राहिली. काका, ती आईएवढी होती. हार घालणारी जनता ती एवढीच भेटली.

मुदतवाढीचा कागद माझ्या सामानाच्या पेटीत आहे. एकतीस जानेवारीपर्यंत साहेबांकडे द्यायचा. घेणार की नाही घेणार, दोन्हींपैकी एकावर सही. बाबा गेल्यावर तुम्ही मला वाढवलंत, तुमचा शब्द मी मोडणार नाही. सही करा म्हणालात तर करीन आणि मनात काही ठेवणार नाही. फक्त हे पत्र सभेत सगळं वाचा, काही गाळू नका, आणि मग काय ते लिहा.

आईला नमस्कार. तुमचा राग आला तरी माया कमी करू नका.

आपला
लवू

*

मु. पो. माडवळ
ता. ३० डिसेंबर १९८७

चि. लवू यास अनेक आशीर्वाद. जवान बंधूंना या खेपेस नुसता रामराम, पेढे संपले.

क्रमाने सांगतो, कारण आता गावात सगळे आपापल्या क्रमाने सांगत सुटले आहेत.

पहिल्या दिवशी मी मुकाट्याने झोपड्यांवर गेलो. जमालभाईचं बिऱ्हाड शेजारीच होतं. त्याच्या रहिमाभाभीने वयनीला खाडीत काढलेल्या तिसऱ्यांचं सुकं दिलं, भजनं झाली, सर्वत्र आनंद. हा आनंद मला बघवेना. दुसऱ्या दिवशी भर दुपारी जेवणं करून सगळे आडवे झाले असता मी बंदूक घेऊन हळूच शीव ओलांडली. पाहणीसाठी, असं मी स्वतःला सांगितलं.

लवू, रिकाम्या गावात हातात बंदूक असली की काय होतं ते मला साठाव्या वर्षी कळलं. ज्या वाटेने लहानपणापासून चाललो तिथे मला दर कुंपणामागे कोणीतरी दिसायला लागलं. माझ्याच चपलांचा आवाज मागून आला, मी दोनदा वळून बघितलं. आपल्या मागील दारी पाचोळा वाजला. मी दरडावून विचारलं, कोण आहे? पाचोळा पुन्हा वाजला. मी झाडली.

ती वयनीची तांबडी कोंबी होती. टोपलीतून निसटून आपल्या घरी आली होती.

बार खाडीपर्यंत ऐकू गेला. सगळा गाव शिवेवर येऊन उभा, पण नेम मोडून आत कोणी येईना. शेवटी मलाच कोंबी घेऊन बाहेर यावं लागलं. मानकऱ्यांनी देवापुढे नारळ ठेवून चूक कबूल करायला लावली. जमालभाई म्हणाला की दाजी, बोट जुनी असली तरी चालते, खलाशी शहाणा लागतो. आणि वयनी एवढंच म्हणाली की पिढ्यान्‌पिढ्या राखणदार नव्हतो तेव्हा काय गेला नाय, राखणदार इलो आणि पयलो जीव गेलो तो घरचोच.

तिसऱ्या दिवशी, सत्ताविसाला, बाळा पोस्टमन तुझं पत्र घेऊन झोपड्यांवर आला. सभा जमलेली, मी भाषणाला उभा. विजयाची हकीकत आली म्हणून मी तिथेच फोडलं आणि खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. नारळांच्या ओळीवर लोक मनमुराद हसले. तुझ्या पत्रातल्या अंगणातल्या कोंबड्यांपर्यंत आलो आणि खणखणीतपणा सोडून सावकाश वाचू लागलो. मी काही गाळलं नाही, लवू. म्हातारीची ओळसुद्धा वाचली. वयनी पदराने तोंड पुसत होती.

भाषण झालं नाही. पण माझं मत मी सोडलेलं नाही, ते तुला सांगून ठेवतो. क्षेपणास्त्रं मोडायलासुद्धा आधी असावी लागतात. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना त्या करारावर सहीला कोणी बोलावलं नाही. आपल्या शिवेवर बंदूक असायलाच हवी, आणि तिच्यामागे तुझ्यासारखा माणूस हवा. पण दुसऱ्याच्या मागील दारी उभं राहून पाचोळ्यावर नेम धरायचा, आणि इथे आम्ही त्याला राष्ट्राची उंची म्हणून पेढे खायचे, हे सामर्थ्य नव्हे. ती माझी दुपारची पाहणी झाली. मी सगळ्या जगाचं वाचलं आणि तू कोणाच्या अंगणात उभा आहेस एवढं विचारायचं राहून गेलं.

पंधरा वर्षं तू देशाला दिलीस, ती पुरेत. वयनीने टोपली धुऊन उन्हात ठेवली आहे. नवी कोंबी मी आणून देत होतो, तर म्हणते की लवू इल्यावर त्याच्याकडसून घेईन.

तुझ्या पत्रांची चटक लागलेला, आणि आता ती बंद व्हावीत अशी इच्छा असलेला,

तुझा
दाजीकाका

ता. क. माझा शब्द हवा होता ना, तो हा घे. पत्र वाचून झालं की पेटी उघड, तो कागद काढ, आणि ‘मुदतवाढ नको’ इथे सही करून आजच साहेबांच्या हातात दे.