कार्बोरेटरच्या स्क्रूले हात लावू नोको

इंद्रभानदादा,

गाडी मी नेली हाये. मंगरूळपीरच्या दवाखान्यातून वैनीले अन् तुह्या लेकीले आनाले चालली. बाबाले इचारलं हाये, म्हनून घरात आरडाओरड करू नोको.

तीन दिवस मी तो कार्बोरेटर खोलून बसली होती. जेट पेट्रोलनं धुतले, फ्लोटच्या छिद्राले कल्हईवाल्याकडून झाळ लावून आनली, इंजिनाच्या आवाजाले कान देऊन स्क्रू बसवला. बाबाची जुनी मॉरिस एका सेल्फमधे उठाले लागली. तू गावभर सांगतलं, 'म्याच केली.'

मंग पेट्रोल वाचवाले तो स्क्रू तू काहून पिळला? मले इचाराची लाज वाटली? परवा वैनीले कळा सुरू अन् पेट्रोल कमी पडून गाडी चढावावर बंद. तू बॉनेट उघडून उभा राह्यला अन् वैनी कपाशीच्या वावरात, धुऱ्याच्या बांधावर बाळंतीन झाली. निंदणाऱ्या दोन बाया धावत आल्या, म्हनून मायलेकी वाचल्या. वरून दवाखान्यात गेल्यावर तू डॉक्टरले सांगतलं, 'विजूनं कार्बोरेटर बिघडवला.' मी दाराशीच उभी होती.

स्क्रू मी पुन्हा जाग्यावर आनला. काल वैनी मले म्हने, 'घ्याले तुमीच या बाई, त्यायले पाठवू नोका.' स्क्रू तू पिळला हे तिले अजून माहीत नाही.

भाकरी टोपल्यात हायेत. अंघोळीचं पानी तापवून ठेवजो. वैनी घरात आली का गाडी कायले बंद पडली ते तिले तूच सांगजो, माह्यासमोर. नाही सांगतलं तं मी सांगन.

विजयमाला