शेंडी चंडोलालाही असते

सर, तुमची पक्ष्यांची वही काकूंनी माझ्याकडे दिली. बेलवलीमागच्या टेकडीवरची दगडखाण वाढवणार म्हणतात आणि आमच्या हरकतअर्जात भक्कम म्हणावी अशी एकच गोष्ट आहे, तुमच्या वहीतली युवराज पक्ष्याच्या मादीची नोंद. युवराज खडकाळ उतारावरच घरटं करतो, म्हणून ती टेकडी वाचवायला हवी, असं आम्ही लिहून दिलंय.

तुमचा नियम होता, दोघांनी पाहिल्याशिवाय नोंद शाईनं करायची नाही, तोवर पेन्सिल. त्या रविवारी दुसरी मी होते, आठवीतली. आदल्या दिवशी भर वर्गात तुम्ही मला "डोळे आहेत की बटणं?" म्हणाला होतात आणि ते माझ्या फार जिव्हारी लागलं होतं. खडकावर तपकिरी काहीतरी बसतं. तुम्ही कुजबुजता, "शेंडीवर जाऊ नकोस गं, शेंडी चंडोलालाही असते. चोच बघ, जाड की बारीक? जाड असली तर युवराज." दुर्बिणीत मला नुसता दगड दिसतोय. तेवढ्यात पक्षी उडतो. "जाड होती, सर." तुम्ही म्हणता, "मलाही तसंच वाटलं," आणि खिशातलं शाईचं पेन माझ्या हातात देता. "लिही." पेन परत घेतलंच नाहीत तुम्ही.

चंडोल काय, माळावर कुठेही सापडतो. त्याच्यासाठी कोणी सुरुंग थांबवत नाही. महिनाभर रोज कामावर जायच्या आधी मी टेकडी चढतेय, एकदा तरी दिस रे बाबा म्हणत. चंडोल दिसतात, ढिगानं. आनंदनगरच्या एका कंपनीत मी क्यूसीला आहे. न तपासलेल्या मालावर आजवर सही केली नाही, त्यापायी सुपरवायझरची बोलणी खाल्ली. आणि आता हे. खरं बोलले तर टेकडी जाईल, आणि तुमची अख्खी वही खोटी म्हणून लोक बाजूला टाकतील. जीव नुसता टांगणीला लागलाय, सर. काय करू?

काल अर्ज लिहिणारा शेजारी म्हणाला, "ताई, हिअरिंगला एवढंच विचारतील, पक्षी तुम्ही स्वतः बघितला ना? बस, हो बोलायचं. टेन्शन नका घेऊ."

हे पत्र कुठे टाकणार? तुम्ही असतात तरी टाकायचा धीर झाला नसता. सुनावणी उद्या अकराला आहे. मी हो म्हणणार आहे.