कुमारच्या पाटीसाठी शब्द

प्रिय उर्वी,

दोन पुरणयंत्रं मोडीत काढून केलेलं तिसरं, जे अजून चालतं. पितळेचा सोऱ्या. तुझ्या खोलीच्या खिडकीची जाळी, जिच्यातून एकही डास कधी आत आला नाही. ओट्याखालचा खण, जो एका बोटाने ढकलला की आवाज न करता बंद होतो. तुझ्या उंचीला बेतलेलं स्वयंपाकघरातलं टेबल. पोळ्या लाटताना तुझी कंबर दुखायची म्हणून ते बाजारातल्यापेक्षा दोन इंच उंच. शेडचं छप्पर, शेडचं दार, दाराची कडी. हे सगळं मी या हातांनी केलं, कुठल्या कॉलेजात न जाता. आणि हे सगळं इथे टूवूंबात जागच्या जागी आहे. दहा तासांच्या रस्त्यावर, वेस्टमीडला आहेस ती फक्त तू.

गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "मग काय ठरलं कुमारचं?" मी म्हटलं, "बघतो." तू म्हणालीस, "बघ," आणि लॅबमधल्या नव्या मुलीबद्दल सांगत बसलीस. मला फोनवर बोलता येत नाही हे तुला आपल्या लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. म्हणून लिहितोय.

कुमार म्हणजे स्प्रिंगफील्ड लेक्सचा, होळीला आईसाठी पुरणयंत्र न्यायला आला होता तो. मूळचा पुण्याचा, आयटीतला, बोलायला गोड. यंत्र नेलं आणि पुढच्या आठवड्यात परत आला तो प्रश्न घेऊनच. महिन्याला किती करतोस? माणसं का नाही ठेवत? आता त्याला पैसे घालायचेत. मोठी शेड, चार कामगार, न्यूझीलंडपर्यंत यंत्रं. शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. आणि यंत्राच्या बुडाला मी माझ्या नावाची छोटी पितळी पाटी ठोकतो ना, तिच्यावर त्यालाही जागा हवी होती. "गुरु, माझ्यासाठी एक झकास मराठी शब्द टाक, मेट. इन्व्हेस्टर नको, बोअरिंग वाटतं."

आता मला शब्द शोधायला सांगणं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. मी तीन संध्याकाळी बसलो. सावकार लिहिलं तर त्याची आईच यंत्र परत पाठवेल. धनको कायद्याच्या कागदात असतो. कुणी कुणाला "अहो धनको, जेवायला या" म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. भांडवलदार हा शब्द मी लहानपणी पिंपरीला कारखान्याच्या गेटवर ऐकला, आमच्या अण्णांच्या तोंडून, आणि त्याच्यापुढे मुर्दाबाद आलं नाही तर मला तो अजून अर्धवट वाटतो. आश्रयदाता म्हटलं तर मी दरबारातला गवई ठरतो. प्रायोजक गणपतीच्या मांडवातल्या फ्लेक्सवर शोभतो. भागीदार बरा आहे, पण भागीदाराच्या नखात थोडा तरी लोखंडाचा कीस हवा. कुमार शेडमध्ये येतो तेव्हा पांढरे बूट घालून येतो. गुंतवणूकदार अचूक आहे, पण माझ्या पाटीत मावत नाही. अक्षरं बारीक करून बसवता आलं असतं, पण बारीक अक्षरं मी करत नाही.

शेवटी पाठीराखा काढला. कुमार खूष. "हाच! डन!" पाटी कापली, घासली, अक्षरांची आखणी केली. आणि छिन्नी हातात घेतल्यावर हात पुढे जाईना.

आपण या देशात आलो तेव्हा व्हिसावर तू मुख्य अर्जदार होतीस आणि माझ्या नावापुढे डिपेन्डन्ट होतं. तू थट्टेने "या डिपेन्डन्टराव, चहा घ्या" म्हणायचीस आणि मी दोन दिवस बोलायचो नाही. तो शब्द इतका माझ्या जिव्हारी लागला होता, की ज्याच्यावर डिपेन्ड असायचं त्या माणसाला काय म्हणतात, हे मी कधी शोधलंच नाही. तुझ्या पगारातून लेथ मशीन आलं. कुठल्याशा शेतावरच्या लिलावात घेतलेलं, गंजलेलं, पण खालचा लोखंडी बेड सरळ. माझ्याकडे तेव्हा लायसन्स नव्हतं. तू नाइट शिफ्ट करून आली होतीस, ट्रेलर लावलेली गाडी घेऊन लाल मातीच्या रस्त्याने निघालीस, आणि घरी आल्यावर तो ट्रेलर एका झटक्यात शेडमध्ये मागे घेतलास. तो शेतकरी म्हणाला होता, "शी'ज गुड, मेट." मी म्हटलं होतं, लेथही चांगलं आहे.

मग त्या रविवारनंतरच्या मंगळवारी काय झालं ते. तुला अर्धंच माहीत आहे. कुमार त्याच्या अकाउंटंटला, ग्रेगला, घेऊन यंत्र बघायला आला. मी म्हटलं, कणीक मळून दाखवणार नाही, पण पुरण खरं दाखवीन. डाळ मी शिजवली. शिट्ट्या बरोबर, गूळ तोलून. आणि यंत्र फिरवल्यावर जाळीतून पुरण आलं ते थेट ओघळत टेबलाच्या कडेवरून खाली. ग्रेग म्हणाला, "सूप आहे का हे?" कुमारने विचारलं, "मशीनमध्ये काही प्रॉब्लेम आहे का रे?" माझ्या यंत्रात! मी तुला फोन लावला. तू हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये, गाडीत डबा खात होतीस.

"कट काढला होतास का?"

मी विचारलं, कसला कट?

"शहाण्या, डाळीचं पाणी निथळायचं असतं. इतकी वर्षं ते काय मशीन करत होतं? ठेव परत गॅसवर. ढवळत राहा. उलथनं उभं राहिलं की बंद कर. आणि फोन ठेवू नकोस."

मी फोन ओट्यावर ठेवला आणि ढवळत राहिलो. ते दोघे बाहेर जॅकरँडाच्या झाडाखाली उभे होते. तुझ्याकडून डब्याचं झाकण वाजलं. कुणाची तरी गाडी पीं-पीं करत मागे गेली. तू कुणाला तरी "नो वरीज" म्हणालीस. मग पुन्हा चमच्याचा आवाज. तू जेवत होतीस आणि मी काहीतरी ढवळत होतो, एवढंच. उर्वी, दोन वर्षांत या घरात इतकं बरं मला वाटलं नव्हतं. उलथनं उभं राहिलं तरी मी थोडा वेळ सांगितलंच नाही.

नंतरचं पुरण रेशमासारखं आलं. ग्रेगने तीन वेळा घेतलं. कुमारने विचारलं, "फोनवर कोण होतं? तुझं आर अँड डी?" मी म्हटलं, बायको. तो हसला आणि म्हणाला, "गुड, म्हणजे कंपनीत दुसरं कुणी नाही."

तू वेस्टमीडची नोकरी घेतलीस तेव्हा मी म्हटलं होतं, वर्षभरात शेडचं बघतो आणि येतो. गाडीत बसताना तू म्हणालीस, "मी परत परत बोलावणार नाही हं. तुला यावंसं वाटेल तेव्हा ये." त्यानंतर खरंच एकदाही बोलावलं नाहीस. मला वाटायचं, बोलावलं असतंस तर आलो असतो. मंगळवारी उलथनं धरून उभा होतो तेव्हा कळलं की बोलावण्याची वाट बघत मी इथे उगाच ताठ बसलोय.

पाटी कोरी आहे. कुमारसाठी कापली होती, पण त्या शब्दावर त्याचा हक्क नाही. टेबलाचे पाय काल काढून ठेवले. लेथचा बेड वेगळा होतो, ट्रेलरमध्ये बसेल. तू राहतेस त्या युनिटखालच्या गॅरेजची रुंदी मोजून कळव, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि दाराची उंचीही. अंदाजे नको, टेप लावून. दार माझ्या मनाजोगतं नसेल तर तेही मी करीन. हे पत्र तेवढ्यासाठी. तू आकडे पाठवलेस की मी निघालो. आणि हे तुला कुमारकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं: त्याची अट होती, पाच वर्षं मी टूवूंबा सोडायचं नाही. त्याबदल्यात तो चार लाख ऐंशी हजार डॉलर घालणार होता. शुक्रवारी सकाळी मी त्याला नाही म्हटलं.

तुझाच,
गुरुदत्त