भाडेकरू आणि साठ लिटर समुद्र

चि. धाकट्यास,

थोरल्याचे आशीर्वाद. (मागच्या पत्रातले एव्हाना वापरून संपले असतील असं धरून ताजे पाठवतो आहे.) तुझा डावा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे तू फोनवर नीट सांगितलं नाहीस, आणि त्याने फार फरक पडतो. भावजयीचं शिवणयंत्र पुन्हा टाके सोडत असेल तर आधी सुई बदलून पाहायला सांग. तेवढ्याने नाही भागलं तर मी येईपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नकोस. इकडे आम्ही ठीक. तुझ्या वहिनीच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन एकोणीस तारखेला आहे, हे तुला माहीत आहेच. तोवर जिने चढायचे नाहीत, जड उचलायचं नाही आणि काळजी करायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. पहिल्या दोन सूचना मी मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघराच्या दारावर लावल्या. तिसरीसाठी घरात समुद्र आणावा लागला. त्याची हकीकत सविस्तर कळवतो, कारण ती तू दुसऱ्या कुणाकडून अर्धवट ऐकावीस हे मला चालणार नाही.

झालं असं, की तपासणीच्या दिवशी दवाखान्यात दीड तास बसावं लागलं. तिथे कोपऱ्यात खाऱ्या पाण्यातल्या माशांची काचेची टाकी होती. तुझी वहिनी एरवी अशा ठिकाणी रुमाल पिळत बसते. त्या दिवशी ती टाकीसमोर बसली आणि नाव पुकारलेलंही तिला ऐकू आलं नाही. (तीनदा पुकारलं. मी मोजलं.) परत येताना बसमध्ये म्हणाली, "त्यांच्याकडे बघत होते ना, तेवढा वेळ माझी धडधड मला जाणवलीच नाही हो." आता यावर माणसाने काय करायचं? मी दुसऱ्या दिवशी वाचनालयातून तीन पुस्तकं आणली. तुला ठाऊक आहे, वजनकाटे दुरुस्त करायला मला कुणी शिकवलेलं नाही. एक मोडका काटा उघडला, तो परत मिटवता येईना, म्हणून शिकलो. समुद्र त्याहून सोपाच असणार, असं मी धरून चाललो. त्यात निदान स्प्रिंग नसते.

टाकी साठ लिटरची. पाणी, काच, वाळू आणि दगड मिळून भार अठ्ठ्याऐंशी किलो चारशे ग्रॅम. खिडकीशेजारचं टेबल तेवढं पेलेल का, हा प्रश्न होता. लोक अशा वेळी टेबलावर हाताने दाबून बघतात आणि "चालेल" म्हणतात. मी तसल्या लोकांपैकी नाही. माझं वजन एकोणऐंशी किलो. उरलेल्या नऊ किलो चारशे ग्रॅमसाठी तांदळाचा डबा काट्यावर बरोबर भरून घेतला, तो कवटाळून टेबलावर चढलो आणि घड्याळ लावून वीस मिनिटं उभा राहिलो. चौदाव्या मिनिटाला तुझी वहिनी बाहेर आली. म्हणाली, "उतरा. ऑपरेशन माझं होऊ दे, पण डोकं आधी तुमचं तपासून घेऊ." (सहा मिनिटं बाकी होती. ती मी पुरी केली.)

मासे विकणाऱ्या दुकानदाराचं नाव आम्ही 'थांबाथांबा' ठेवलं आहे, कारण तो दुसरं काही बोलतच नाही. वाळू घातली? थांबा. मीठ विरघळलं? थांबा. त्याचं म्हणणं, डोळ्यांना न दिसणारे जंतू आधी दगडात नीट नांदायला लागले पाहिजेत. ते घाण पचवतात. ते नसतील तर मासा आपल्याच घाणीने मरतो, आणि ह्याला महिना तरी हवा. आमच्या हातात जेमतेम सात आठवडे! पुस्तकंही नेमकी त्याच्याच बाजूची निघाली. तेव्हा पहिले चार आठवडे आमच्याकडे नुसतं खारं पाणी आणि पाच दगड. वरच्या मजल्यावरचे मास्तर रोज संध्याकाळी यायचे. "मासे कुठायत?" "यायचेत." "मग हे काय बघताय दोघं?" "पाणी." मास्तर चहा पिऊन जायचे आणि जिन्यात कुणाशी तरी हळू आवाजात बोलायचे. पण खरं सांगतो, आम्ही दोघं त्या पाण्याकडे तास तास बघत बसायचो. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, एवढं एकाच दिशेला आम्ही कधी बघितलं नव्हतं.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी थांबाथांबाने एका खेकड्याला परवानगी दिली. अंगठ्याच्या नखाएवढा. हा प्राणी स्वतः शंख बनवत नाही, दुसऱ्या कुणाच्या रिकाम्या शंखात राहतो, म्हणून वहिनीने त्याचं नाव 'भाडेकरू' ठेवलं. तिला तो नीट दिसावा म्हणून मी टाकीचं झाकण काढून वर दिवा टांगला. त्या उबेने रोज सहाशे मिलिलिटर पाणी उडून जायला लागलं. मी रोज सकाळी तेवढंच पाणी, ठरल्या प्रमाणात मीठ तोलून घालून, परत भरायचो. एका ग्रॅमची चूक नाही. तरी पाण्याचा खारटपणा चढतच गेला आणि बाराव्या दिवशी भाडेकरू शंखातून बाहेर यायचा बंद झाला. मी काटा उघडून तपासला. काटा बरोबर. खारटपणा मोजायची नळी तपासली. तीही बरोबर. म्हणजे मीठच जास्त खारट, असा निष्कर्ष काढून मी मिठाच्या कंपनीला चार पानी तक्रार धाडली.

त्याच दुपारी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता तुझी वहिनी सहज बोलल्यासारखं बोलली, "हा टिकला ना, तर मीपण टिकेन." माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तुला माहीत आहे. त्या दिवशी मी खारटपणा अकरा वेळा मोजला. अकराव्या वेळी ती जवळ येऊन उभी राहिली. "पातेल्यातलं आटलं तर आपण नुसतं पाणी वाढवतो. परत मीठ घालतो का?" मी म्हटलं, "इथे तसं नसतं." मग अर्धा तास विचार केला. इथेही तसंच असतं रे. पाणी उडतं, मीठ आहे तिथेच राहतं. तिन्ही पुस्तकांत ते लिहिलेलं होतं आणि मी त्याखाली पेन्सिलीने रेघही मारलेली होती. मग चार दिवस थोडं थोडं खारं पाणी काढून तेवढंच गोडं घातलं, खारटपणा जागेवर आणला, आणि भाडेकरू पुन्हा बाहेर यायला लागला. कंपनीला दुसरं पत्र टाकलं. (ते एका पानात आटोपलं.)

आता मुख्य गोष्ट. परवा सकाळी मी नेहमीसारखा आधी टाकीशी गेलो. भाडेकरू वाळूवर पडलेला. शंखाबाहेर, पाय दुमडलेले, रंग उडालेला, हलायचं नाव नाही. शंख बाजूला उपडा. ती अजून उठली नव्हती. मी चमच्याने त्याला हळूच बाहेर काढलं, काड्यापेटीत ठेवलं, पेटी खिशात घातली, बाजारात कुणाचा तरी काटा अडलाय असं ओरडून सांगितलं आणि थांबाथांबाच्या दुकानासमोर ते उघडायच्या आधी पन्नास मिनिटं उभा राहिलो. योजना साधी होती. हुबेहूब दुसरा घ्यायचा आणि ती टाकीपाशी बसायच्या आत सोडायचा. अठ्ठावीस वर्षांत तिला मी फसवलेलं नाही, पण आता फसवणार होतो. थांबाथांबाने पेटी उघडली, भिंगाखाली धरली आणि म्हणाला, "काका, हा खेकडा नाही. हे त्याचे जुने कपडे आहेत. वाढला की अंगावरचं कवच सोडतो. तुमचा माणूस आत शंखात बसला असेल, नवं अंग कडक होईपर्यंत. घरी जा." आणि त्याने मला पाण्याचा ग्लास दिला. माझा चेहरा कसा दिसत होता ते मला माहीत नाही. मोजायचं राहून गेलं.

घरी आलो तर वहिनी टाकीसमोर बसलेली. शंखाच्या तोंडाशी दोन पाय दिसत होते, आधीपेक्षा गडद. "झाला का काटा दुरुस्त?" तिने विचारलं. झाला म्हटलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही चमचा घेऊन उभे होतात तेव्हा मी दारातच होते. म्हटलं, तुम्हाला कळू द्यायचं नाही की मला कळलंय. नाहीतर तुमचा धीर सुटायचा." धाकट्या, मी बूट काढायचं निमित्त करून बराच वेळ खाली वाकून बसलो.

मासे अजून आणलेले नाहीत. ते ती घरी परत आल्यावर, तिच्या पसंतीने.

असो. गुडघ्याचं लवकर कळव.

तुझा,
थोरला

ता. क. : अठरापासून नऊ दिवस आम्ही दवाखान्यात. टाकीत रोज सकाळी सहाशे मिलिलिटर पाणी (गोडं!) घालायला आणि भाडेकरूला खायला द्यायला भरवशाचं माणूस हवं. तुझी रजा शिल्लक असेल तर ये. सूचनांची अकरा पानं वेगळी तयार आहेत.

ता. क. दुसरा : वहिनीने पत्र वाचलं. म्हणते, टाकीचं थांबाथांबाने कधीच कबूल केलंय, सकाळ-संध्याकाळ येणार आहे, मग खरं काय ते लिहा. तर खरं असं, की ऑपरेशनला पाच तास लागतात. त्या खोलीबाहेर चार खुर्च्या आहेत. मी बघून आलो. एकीवर मी बसेन. शेजारच्या खुर्चीवर तू बस. बोललं पाहिजे असं नाही.

ता. क. तिसरा, वहिनीच्या हातचा : भावोजी, मी आत झोपलेलीच असेन, मला काही कळायचं नाही. बाहेरच्यांचंच अवघड. तेव्हा नक्की या. आणि येताना घरातलं काहीतरी बिघडलेलं घेऊन या. घड्याळ, रेडिओ, काहीही. पाच तास पुरेल एवढं बिघडलेलं हवं.