ठिपका दिसला की

१२ जानेवारी
करवीरनगरीत आमचे शुभागमन झाले. कळंब्याच्या तळ्याजवळील संशोधनकेंद्रात मानसशास्त्रज्ञ म्हणून रुजू झालो. स्वागतास एकटा पहारेकरी मौला. "या की पावणं" म्हणत त्याने तांबड्या रश्श्याचा डबा पुढे केला. अश्रुधारांनी आमचा नगरप्रवेश सुफळ झाला.

विषय गहन आहे : रडव्या चेहऱ्यावरच दृष्टी खिळण्याची खोड जनुकांतून उतरते काय, आणि तीच पुढे माणसाला नैराश्यात लोटते काय.

१५ जानेवारी
कोडोलीचे पैलवान हंबीरराव आले. वडील व चुलते दोघेही नैराश्याने गेलेले. भाऊ तरी वाचावा म्हणून बहीण क्रांती त्यांना घेऊन आली. पडद्यावर दोन चेहरे उमटतात, एक प्रशांत, एक रडवा. ते लुप्त होताच एकाच्या जागी लाल ठिपका. "बिंदुदर्शनोत्तर तत्काळ कळ दाबावी" ही आमची प्रासादिक सूचना ऐकून पैलवान मख्ख. मौलाने भाषांतर केले, "ठिपका दिसला की हाणायचं!" त्या लाघवास मी मनोमन वंदन केले.

२४ जानेवारी
ठिपका प्रशांत चेहऱ्याच्या जागी आला, तर पैलवान चाचपडतात. रडव्याच्या जागी आला, की वीज. दोन कळफलक धारातीर्थी पडले. झोपेतही ते मुठी हाणतात, असे क्रांती म्हणाली. मी हसलो.

१ फेब्रुवारी
लाळेच्या जनुकतपासणीचा अहवाल आला. ती जनुकठेवण हंबीररावांत आहे. गंमत म्हणून दिलेल्या माझ्या लाळेतही. म्हणजे आम्ही सगोत्र! उद्या क्रांतीला सांगायचे आहे.

२ फेब्रुवारी, सकाळ
सांगितले. ती रडू लागली. कपाळावर लाल टिकली. हंबीररावांनी पाहिले आणि—
एकच ठोसा. कवटी भिंतीवर फुटली. मग माझ्याकडे वळून, शाबासकी मागत, "बरोबर हाय न्हवं, सायेब?"

थोड्या वेळाने
मौला रडत धावला. त्याच्या कपाळी ठिपका नव्हता. क्रांतीला उचलताना रक्ताचा शिंतोडा कपाळी उडाला—
आता तोही.

मी निरीक्षणाच्या काचेच्या खोलीत. कडी लावली आहे. पोलीस निघाले, असे फोनवर म्हणतात. कपाळावरचे सकाळचे अंबाबाईचे कुंकू पुसले. हसत राहायचे. फक्त हसत.

हंबीरराव काचेशी उभे आहेत. मला निरखत. त्यांच्यामागे क्रांतीचा चेहरा, अजून रडवाच. माझी दृष्टी तिथून हलत नाही. हलत नाही—

काच फुटली. कपाळाला काहीतरी लागले. ओले. लाल.
हसतो आहे. हसतोच आहे, पण डोळ्यांतून—